डॉली खरोखरच ‘म्हातारी’ जन्मली होती का?

१/ १४ फेब्रुवारी २००३. स्कॉटलंडमधील रॉसलिन संस्थेत सहा वर्षांच्या एका आजारी मेंढीला दयामरण देण्यात आले. मेंढ्या साधारण दहा-बारा वर्षे जगू शकतात. साहजिकच ‘क्लोन अकाली म्हातारा होतो’ हा समज जगभर पक्का झाला. त्या समजाचा हा इतिहास.

२/ १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशींची केंद्रके अंड्यांत बसवून नवे डिंभ वाढवल्याचे दाखवले होते. परंतु प्रौढ सस्तन प्राण्याच्या पेशीपासून नवा जीव घडणे अशक्यच, अशी बहुतेक जीवशास्त्रज्ञांची धारणा होती.

३/ इयान विल्मट, कीथ कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मेंढीच्या कासेतील पेशी घेतल्या आणि केंद्रक काढून टाकलेल्या अंड्यांशी विजेच्या झटक्याने त्यांचा संयोग घडवला. अशा २७७ जोड्यांतून २९ भ्रूण वाढले. ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत ठेवले गेले. जन्मले एकच कोकरू : डॉली, ५ जुलै १९९६.

४/ फेब्रुवारी १९९७ मध्ये बातमी फुटली आणि एक प्रश्न पुढे आला. जिच्या पेशीपासून डॉली घडली, ती मेंढी सहा वर्षांची होती. मग डॉलीचे वय शून्यापासून मोजायचे की सहापासून?

५/ शंका निराधार नव्हती. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले टेलोमियर वयाबरोबर आखूड होत जातात. डॉलीचे टेलोमियर समवयस्क मेंढ्यांपेक्षा आखूड आढळल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००२ च्या आरंभी तिच्या संधिवाताची बातमी आली. पुढच्याच वर्षी ती गेली. सहा अधिक सहा, बारा! लोकांचा हिशेब जुळला.

६/ मृत्यूचे कारण मात्र वेगळे होते. तिच्या फुफ्फुसात विषाणूमुळे होणारा अर्बुद वाढला होता. संस्थेतील इतर मेंढ्यांनाही त्या विषाणूची लागण झाली होती. हा रोग क्लोन नसलेल्या मेंढ्यांनाही होतो.

७/ खरी कसोटी पुढे लागली. डॉली ज्या पेशीसमूहातून घडली, त्याच पेशींपासून २००७ मध्ये नॉटिंगहॅममध्ये डेबी, डेनिस, डायना व डेझी जन्मल्या. त्यांच्यासह १३ क्लोन मेंढ्यांचा सात ते नऊ वर्षे वयात रक्तदाब, शर्करा व सांधे तपासले गेले. २०१६ चा निष्कर्ष : सांध्यांची थोडी झीज वगळता त्या वयाच्या मानाने निरोगी.

८/ २०१७ मध्ये डॉलीच्या जतन केलेल्या सांगाड्याची क्ष-किरण तपासणी झाली. सांध्यांची झीज तिच्या वयाच्या मेंढीत असामान्य ठरावी इतकी नव्हती. तिच्या संधिवाताची मूळ शास्त्रीय नोंद एका परिषदेच्या सारांशातील ओझरत्या उल्लेखापुरतीच होती.

९/ म्हणजे क्लोनिंग निर्धोक आहे काय? नाही. बहुसंख्य भ्रूण वाढतच नाहीत. अनेक जीव गर्भात वा जन्मताच दगावतात. या तंत्राची किंमत मुख्यतः आयुष्याच्या आरंभी मोजावी लागते. लोकांनी मात्र ती वार्धक्यात शोधली.

१०/ एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात डॉली आज काचेआड उभी आहे. तिच्यासमोर थांबणाऱ्याच्या मनात तिच्या वयाचा प्रश्न सहज येतो. न जन्मलेल्या उरलेल्या २७६ जोड्यांचा प्रश्न क्वचितच येतो. इतिहासाने नोंद घ्यावी ती याचीही.