ड्रायव्हर बसून होता, कंडक्टर जिने चढत होता

डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट बघून "रोज चाला" म्हणून सांगितलं, त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न होता. चालल्याने हृदय शाबूत राहतं हे पहिल्यांदा शोधलं कुणी? हे तर आजीलाही ठाऊक होतं असं आपल्याला वाटतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं.

मोजलं ते लंडनच्या बसमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हार्ट अटॅकने मरणारे वाढत होते आणि कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या नोंदी तपासायला घेतल्या. लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेतले साधारण 31,000 पुरुष कामगार त्यात होते, वय 35 ते 64. डबलडेकरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर वेगळे काढल्यावर फरक दिसला. कंडक्टरांना झटके कमी येत होते, आले तरी उशिरा येत होते, आणि लगेच जीव जाण्याचं प्रमाणही कमी होतं. 1953 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

यातली गंमत लक्षात घ्या. बस तीच, मालक तोच, रस्ता, धूर, शिफ्ट सगळं तेच. फरक एवढाच की ड्रायव्हर जवळजवळ अख्खी ड्यूटी बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढायचा. पुढे पोस्टातही तेच निघालं. पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे.

लोकांनी शंका काढली, आणि शंका रास्त होती. मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसनी युनिफॉर्मच्या नोंदी मागवल्या आणि पँटींची कंबर मोजली! ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या होत्या, अगदी तरुणांच्यासुद्धा. म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण नंतर सडपातळ, मध्यम, जाड असे गट पाडून पाहिलं, तर प्रत्येक गटात कंडक्टरच बरा ठरला. मला या अभ्यासातला हाच भाग सगळ्यात आवडतो. आपल्याच निष्कर्षावर आलेली शंका या माणसाने झटकून टाकली नाही.

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, म्हणून हे वाचताना जरा जास्तच रमलो. आपल्याकडे डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे, एक खाली, एक वर. त्यामुळे लंडनवाल्याइतके जिने बाबांच्या नशिबी नव्हते. तरी आठ तास उभं राहून, गर्दीतून पुढेमागे करून ते घरी यायचे आणि वर स्टेशनपासून चालत यायचे. व्यायाम हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. 2023 च्या सप्टेंबरात शेवटची डिझेल डबलडेकर बंद झाली, तेव्हा ते असते तर बघायला नक्की गेले असते.

आता आपण मोबाईलवर दहा हजार पावलं मोजतो. तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. 2019 मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांचा अभ्यास झाला. त्यात 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. तेव्हा आकडा गाठला नाही म्हणून चालणं सोडून देऊ नका.

सवयीचं म्हणाल तर माझा अनुभव सांगतो. पहाटे उठून बागेत जायचे माझे तीन प्रयत्न फसले. टिकलं ते एकच, संध्याकाळी रिक्षा न करता स्टेशनवरून घरी चालत येणं. वीस-बावीस मिनिटं. कंडक्टरचंही तेच होतं ना? पायऱ्या कामातच होत्या, वेगळा वेळ काढावा लागत नव्हता.

पण या वीस मिनिटांत मला पाच वेळा फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागतं. एका ठिकाणी डीपी बॉक्स, एका ठिकाणी उघडं गटार, बाकी पार्क केलेल्या बाइक. मी उतरतो, पण समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी गुडघ्यांमुळे चालणं सोडलं नाही, या उतरण्या-चढण्यामुळे सोडलं. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी असं लिहिलंय. आपल्याकडे ती किती ठिकाणी आहे, हे मोजल्याशिवाय वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडण्यात अर्थ नाही.

रविवारी सकाळी सात वाजता स्टेशनच्या पूर्वेकडच्या जिन्यापासून टेप घेऊन निघतोय. टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस हवा, आणि आकडे लिहून घ्यायला एक. कोण येतंय ते कळवा.