एक नाव, चार कुळं

लातूरच्या तेलगिरण्यांत सोयाबीनचं तेल निघालं की मागे पेंड उरते. व्यापारात तिला डीओसी म्हणतात आणि ती मुख्यतः कोंबडीखाद्यात जाते. पेंडीत स्फुरद भरपूर असतं, पण त्यातलं साधारण दोन तृतीयांश फायटिक आम्लात अडकलेलं. कोंबडीला ते नीट पचवता येत नाही. म्हणून खाद्यात ते स्फुरद सुटं करणारं फायटेज मिसळतात. फॉस्फटेज नावाच्या विकरांच्या मोठ्या गोतावळ्यातलं हे एक.

सुझुकी, योशिमुरा आणि ताकाइशी या जपानी संशोधकांनी १९०७ साली तांदळाच्या कोंड्यात फायटेज प्रथम दाखवलं. पुढे कित्येक वर्षं फॉस्फटेजांची विभागणी ती आम्लात चालतात की अल्कलीत, एवढ्यावरच होई. १९६१ मध्ये विकरांना आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळाले, तेही कामावरून. त्यामुळे काळ्या बुरशीचं फायटेज आणि बॅसिलस जिवाणूचं फायटेज दोन्ही ३.१.३.८ या एकाच क्रमांकाखाली बसतात.

प्रथिनांची घडण वाचता येऊ लागली तेव्हा मात्र खरी नाती उघडी पडली. बुरशीचं फायटेज हिस्टिडीनच्या जोरावर काम करतं. बॅसिलसचं सहा पात्यांच्या पंख्यासारखं रचलेलं असतं आणि कॅल्शियमवाचून चालत नाही. दोघांचा पूर्वज एक नाही. निसर्गानं तेच काम दोनदा, स्वतंत्रपणे घडवलं.

तिसरं कूळ खुद्द सोयाबीनमध्ये सापडलं. मोड आलेल्या दाण्याच्या डाळिंब्यांतलं फायटेज २००१ साली अमेरिकेत तपासलं गेलं, आणि ते निघालं जांभळ्या आम्ल-फॉस्फटेजांच्या घरातलं. या घरातल्या विकरांचा जांभळा रंग त्यांच्या गाभ्यातल्या लोहाचा. राजम्यातल्या अशाच विकराची रचना १९९५ मध्ये उलगडली होती. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला दिलेलं सायक्लोस्पोरिन ज्याला आवर घालतं, ते कॅल्सिन्यूरिनही याच घराण्याचं दूरचं भाऊबंद. आपल्या रानातल्या पिकाचा असा सोयरसंबंध माणसाच्या पेशीपर्यंत पोचतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चौथं कूळ गायीम्हशींच्या पोटात राहतं. तिथल्या सेलेनोमोनास जिवाणूचं फायटेज सिस्टीनवर चालतं, आणि इन्सुलिनचा संदेश थांबवणारं आपल्या शरीरातलं फॉस्फटेज त्याच्याच नात्यातलं. असे जिवाणू पोटात असल्यामुळे जनावरांना पेंडीतलं स्फुरद मिळतं. कोंबडीला ही सोय नाही.

कुळाचा हा शोध मराठवाड्याच्या मातीसाठी कामाचा आहे. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू बहुधा सातच्या वर, आणि स्फुरद चुन्याशी बांधलं जाणारं. अशा मातीत फायटेज वापरायचं तर आम्लप्रिय बुरशीच्या विकरापेक्षा, सातच्या आसपास चालणारं आणि कॅल्शियम मागणारं बॅसिलसचं कूळ आधी तपासायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या पीएसबीची, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची, निवड करतानाही हाच विचार व्हावा.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणून एक विनंती. कॅल्शियम फायटेटच्या थाळीवर जिवाणूभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, की लगेच 'फायटेज सापडलं' असं लिहू नका. जिवाणूनं नुसतं आम्ल सोडलं तरी तसंच वर्तुळ उमटतं. आधी विकराची क्रिया मोजा, मग जनुक वाचा, आणि अहवालात त्याचं कूळ नोंदवा.