कंपनी म्हणते ‘हिशेब घ्या’ : सही आधी की वकील आधी?

छत्रपती संभाजीनगर : वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव, पैठण इथल्या कारखान्यांत जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं ड्युटीला जातात. घरी दोन-चार एकर कोरडवाहू आणि महिन्याचा खर्च कंपनीच्या पगारावर, असा अनेकांचा संसार. कंपनीचं काम कमी झालं की एक दिवस ऑफिसातून बोलावणं येतं. टेबलावर छापील कागद, खाली एक रक्कम आणि ‘आज सही करा, दोन दिवसांत पैसे खात्यात’ हा शब्द. पेरणीच्या तोंडावर ती रक्कम मोठी दिसते. अशा वेळी वकिलाचा सल्ला घ्यायचा की नाही, हे ठरवायला लागणारी माहिती इथे दिली आहे.

आधी कागदावरचा शब्द बघा

‘राजीनामा’, ‘स्वेच्छानिवृत्ती’ म्हणजे व्हीआरएस, ‘कामगार कपात’ आणि ‘ले-ऑफ’ हे चार वेगळे प्रकार आहेत. ले-ऑफ तात्पुरता असतो. त्यात नोकरी जात नाही आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. कपातीत कंपनी माणूस कमी करते, म्हणून कायद्याने भरपाई द्यावी लागते. राजीनामा दिला की मात्र ‘हा स्वतःहून गेला’ असं कागदावर होतं आणि कपातीच्या भरपाईचा हक्क सुटतो. व्हीआरएसमध्ये योजनेत जे लिहिलंय तेवढंच मिळतं. म्हणून कंपनी कमी करतेय आणि सही राजीनाम्यावर मागतेय, तर तिथेच थांबावं.

रक्कम फोडून बघा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्याआधी कमी केलेल्यांना १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागतो. दोन्हींत मूळ हिशेब सारखाच आहे : किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. शेवटचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस पूर्ण वर्ष धरतात.

उदाहरण घेऊ. गंगापूर तालुक्यातल्या एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये आहे आणि सेवा १२ वर्षं ७ महिने, म्हणजे हिशेबाला १३ वर्षं.

– नोटिशीचा पगार : १८,०००
– कपातीची भरपाई : ९,००० गुणिले १३, म्हणजे १,१७,०००
– ग्रॅच्युइटी (पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले १३) : १,३५,०००

बेरीज झाली २,७०,०००. राहिलेल्या रजेचे पैसे, बोनस आणि थकीत पगार वेगळा. नव्या संहितेत कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा आहे.

आता कंपनीने ‘सगळं मिळून ३ लाख’ म्हटलं, तर त्यातले २,७०,००० त्याचे हक्काचेच आहेत. कंपनीने पदरचे दिले फक्त ३०,०००. पीएफ तर या हिशेबात धरायचाच नाही, तो आपला आधीच जमा असलेला पैसा आहे.

वकील कधी लागतो?

हिशेबात रक्कम हक्कापेक्षा बरी निघाली, कागदावर राजीनामा नाही आणि पैसे एकदम मिळतायत, तर वकिलावाचूनही काम भागतं. पण खालीलपैकी एक जरी गोष्ट असली तरी सही करण्याआधी कागद दाखवून घ्यावा :

– त्याच दिवशी सही मागतात किंवा कागदाची प्रत देत नाहीत.
– ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असं लिहिलंय. अशी सही नंतर लढताना आडवी येते.
– कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार आहेत. तिथे कपातीला सरकारची आधी परवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० होती.
– मागून लागलेल्यांना ठेवून जुन्यांना काढतायत. त्याच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, असा सर्वसाधारण नियम आहे.
– कागदावर ‘सुपरवायझर’ लिहिलंय, पण प्रत्यक्षात मशीनवर काम आहे. नावापेक्षा काम काय, हे महत्त्वाचं ठरतं.
– पैसे हप्त्यांत देणार आहेत. अडचणीतल्या कंपनीचा हप्ता कधी बुडेल सांगता येत नाही. चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. अशा प्रक्रियेत कामगारालाही मुदतीत दावा दाखल करावा लागतो.

ठेकेदाराकडच्या कामगारांनीही गप्प बसू नये. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीची जबाबदारी येते.

कोणता वकील, किती खर्च?

बांधाचा दावा लढणारा गावचा ओळखीचा वकील कितीही चांगला असला, तरी इथे कामगार कायद्याची कामं करणारा वकील गाठावा. नुसता कागद वाचून सल्ला देण्याची फी किती, हे आधीच विचारावं. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे.

पैसे नसतील तरी रस्ता आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळू शकतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांनाही हा हक्क आहे. शहरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. हेल्पलाइन नंबर आहे १५१००.

सोबत काय न्यावं? नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं ओळखपत्र, पीएफ पासबुक, बँकेचा उतारा आणि कंपनीने दिलेला कागद. प्रत देत नसतील तर मोबाइलवर फोटो तरी मागावा.

सही झाली असेल तर?

तरीही विचारावं. ग्रॅच्युइटीचा हक्क करार लिहून घेऊन काढून टाकता येत नाही. ती ३० दिवसांत द्यायची असते. कामावरून काढल्याचा वाद सुलह अधिकाऱ्याकडे नेता येतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगार स्वतः न्यायाधिकरणात जाऊ शकतो. नव्या संहितेत त्यासाठी काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यात तीन होती.

ऑफिसात बोलावलं तर एवढं एक वाक्य पुरे : ‘कागद द्या, घरी वाचून दोन दिवसांत सांगतो.’ बैल घेताना दात बघतो, जमीन घेताना सातबारा बघतो. बारा-तेरा वर्षांच्या नोकरीचा कागदही तसाच बघून घ्यावा.