परळ ते वॉशिंग्टन : गिरणीच्या तासांचा इतिहास

कारखान्यात माणसाने दिवसाला किती तास राबावे, कोणत्या वयापासून राबावे आणि हे कोणी ठरवावे, या प्रश्नांवर २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय श्रम परिषद सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना जन्माला आली आणि तिची ही पहिली बैठक महिनाभर चालली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे बसले होते नारायण मल्हार जोशी. ते कोलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सदस्य. त्यांचे काम मात्र परळ-लालबागच्या चाळींत रुजलेले होते. परळहून वॉशिंग्टनला पोचलेली ही वाट त्याआधी पस्तीस वर्षे तयार होत होती.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. पुढे गिरण्या उत्तरेकडे पसरल्या आणि लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी हा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकण आणि घाटावरून आलेली माणसे साचे चालवू लागली. कामाची वेळ सूर्य ठरवत असे. उजाडल्यावर भोंगा होई आणि अंधारल्यावर सुटका मिळे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. रविवारची सुट्टी ठरलेली नव्हती, पगार महिना उलटून कितीतरी दिवसांनी हाती येई आणि यंत्रात हात गेला तर कामगाराची जबाबदारी कोणावरच नसे.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा फक्त मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, इतकेच त्यात होते. मोठ्या माणसांच्या तासांना त्याने हात लावला नाही. या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना नडत होते. त्यामुळे हा कायदा म्हणजे देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव, असे इथले गिरणीमालक म्हणत आणि अनेक राष्ट्रवादी पत्रेही त्यांच्या सुरात सूर मिसळत. मँचेस्टरच्या स्वार्थाविषयीचा त्यांचा संशय खोटा नव्हता. पण पहाटे चाळीतून निघणाऱ्या माणसाला काय हवे, हे या वादात कोणी विचारले नव्हते.

ते विचारले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. तिथे ठरलेल्या मागण्या आजही साध्या आणि नेमक्या वाटतात. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी, अशा त्या मागण्या होत्या. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले. याच काळात लोखंड्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीच्या सम्राटाने बोलावलेली कामगारविषयक परिषद बर्लिनला भरली होती. युरोपातली सरकारे तिथे मुलांच्या आणि स्त्रियांच्या कामावर बोलली. परळच्या कामगाराला त्या दालनात जागा नव्हती. १८९१ च्या सुधारित कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात घातली. पुरुषांच्या कामाच्या तासांना मर्यादा आलीच नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले, अंधाराने दिलेली सक्तीची सुट्टीही गेली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा प्रथमच घातली. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ते बहात्तर तास होत.

त्याच १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने आणि पतपेढ्या हे तिचे काम होते. परळचे दामोदर सभागृह याच लीगचे. पठाण सावकाराच्या कर्जात बुडालेला, मुकादमाला हप्ता दिल्याशिवाय बदली कामगार म्हणूनसुद्धा न लागणारा कामगार जोशींनी रोज पाहिला होता. जानेवारी १९१९ मध्ये महागाईने पिचलेल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. त्याच वर्षाच्या शेवटी जोशी वॉशिंग्टनला गेले.

या परिषदेची रचना नवी होती. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी, त्यांतले दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. हिंदुस्थान सरकारतर्फे लुई कर्शॉ आणि अतुल चॅटर्जी होते आणि मालकांतर्फे कलकत्त्याचे ए. आर. मरे. मद्रासचे कामगार नेते बी. पी. वाडिया सल्लागार म्हणून आले होते. परिषदेमागचा विचार मुंबईच्या जुन्या वादाला थेट भिडणारा होता. एका देशाने तास कमी केले तर दुसरा देश बाजार बळकावतो, ही मालकांची जुनी तक्रार. त्यावर उत्तर एकच : नियम सर्वांनी मिळून पाळायचा. चीनच्या सूतबाजारात मुंबईचा प्रतिस्पर्धी असलेला जपानही याच परिषदेत बसला होता.

परिषदेने सहा करार मंजूर केले. पहिल्याने उद्योगांत आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरवला. हिंदुस्थानला मात्र साठ तासांचा वेगळा नियम लावला, जपानला सर्वसाधारणपणे सत्तावन्न. मुलांचे किमान वय जगासाठी चौदा ठरले. हिंदुस्थानसाठी ते बारा व्हावे, ही सूचना ब्रिटिश कामगार नेत्या मार्गारेट बाँडफिल्ड यांनी मांडली आणि ती मंजूर झाली. परळच्या कामगाराला जगाच्या मापापेक्षा खालचे माप मिळाले, हे खरे. पण बहात्तर तासांवरून साठवर येणे म्हणजे आठवड्याला बारा तास घरी मिळणे, हेही तितकेच खरे.

या प्रतिनिधित्वातून आणखी एक प्रश्न उभा राहिला. व्हर्सायच्या तहानुसार कामगार प्रतिनिधी देशातल्या कामगार संघटनांच्या संमतीने निवडायचा होता. जोशींची नेमणूक सरकारने केली होती. देशभराची संघटनाच नसेल तर संमती कोणाची घ्यायची? ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते लाला लजपतराय, उपाध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा. जगाच्या परिषदेतली खुर्ची ज्याची त्याने भरावी, ही या संघटनेच्या जन्मामागची मोठी प्रेरणा होती.

१९२० च्या सुरुवातीच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १४ जुलै १९२१ रोजी हिंदुस्थानने तासांच्या कराराला मान्यता दिली आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने साठ तासांचा आठवडा व बारा वर्षांचे किमान वय देशभर लागू झाले. जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती विधिमंडळात गेले. तिथे त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मागणारा ठराव १९२१ मध्ये मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या नियामक मंडळावरही त्यांनी अनेक वर्षे काम केले.

वॉशिंग्टनच्या एका कराराची गोष्ट वेगळी आहे. बाळंतपणाच्या रजेचा करार हिंदुस्थानने स्वीकारला नाही. पण गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो बायका होत्या. १९२८ मध्ये मुंबईच्या विधान परिषदेत आर. एस. आसवले यांनी प्रसूतिलाभाचे विधेयक आणले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतिणीची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, असे त्यांनी सांगितले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाबासाहेब परळच्या चाळीत राहिलेले. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठीची ९ मार्च १९२४ ची बैठक दामोदर सभागृहातच झाली होती. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना, १९४६ मध्ये, अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायद्यात आला. वॉशिंग्टनने जगाला दिलेले माप गिरणगावात पोचायला सत्तावीस वर्षे लागली. मुलांच्या किमान वयाचा पुढे झालेला नवा आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केला तो तर १३ जून २०१७ रोजी.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाचे भोंगे एकेक करून थांबले. डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. आंतरराष्ट्रीय परिषदा आजही भरतात, उद्योगांच्या जबाबदारीचे जाहीरनामे निघतात. गिरणगावाचा इतिहास त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगतो : परिषद आकडा ठरवते, पण तो आकडा गिरणीच्या दारात उतरतो तो परळच्या सभेमुळे, संपामुळे, संघटनेमुळे आणि कायद्यामुळे. लोखंड्यांची सभा आणि जोशींची खुर्ची या दोन्हींशिवाय रविवारही मिळाला नसता आणि आठ तासही.