पाठमीलन आणि संगणक

एका ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून त्यांतील पाठ ताडून पाहणें हें संशोधनांतील अत्यंत कष्टाचें काम होय. तें संगणकाकडे सोंपवावें कीं नाहीं, याविषयीं संग्राहकांत दोन पक्ष संभवतात. एक पक्ष यंत्राकडे संशयानें पाहतो. दुसरा यंत्रानें दिलेला पाठ शुद्धच समजतो. निर्णय करण्यापूर्वीं यंत्र कोणतें काम कोणत्या क्रमानें करतें, हें पाहिलें पाहिजे.

काम विभागून करण्याची रीति आपणांस नवी नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें कार्य हातीं घेतलें आणि १९६६ सालीं तें पूर्ण केलें. डॉ. वि. सी. सुखटणकर यांनीं १९२५ पासून प्रमुख संपादकत्व स्वीकारलें. त्यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ मध्यें पूर्ण झालें. त्या कार्यांत श्लोकाचा प्रचलित पाठ आंखलेल्या तक्त्यावर शीर्षस्थानीं लिहून त्याखालीं प्रत्येक प्रतींतील भेद टिपीत. भेद टिपणें निराळें व पाठनिर्णय निराळा, म्हणूनच तो निर्णय इतरांस तपासतां येतो.

हेंच तत्त्व संगणकाच्या क्षेत्रांत २००९ सालीं स्वीडनमधील गोटेनबर्ग येथें मांडलें गेलें. पाठमीलनाच्या आज्ञावली रचणाऱ्यांनीं एकत्र येऊन त्या कामाचे पांच स्वतंत्र घटक ठरविले: मजकुराचे तुकडे पाडणें, लेखनरूपें समान करणें, प्रतींची जुळणी, भेदांची चिकित्सा, आणि फलाची मांडणी. एक घटक काढून दुसरा बसविला तरी बाकीचे अबाधित राहतात. ‘कोलेटेक्स’ नामक आज्ञावली याच पद्धतीची आहे.

संस्कृत पोथ्यांच्या बाबतींत खरी अडचण पहिल्या दोन पायऱ्यांवर येते. लॅटिन अक्षरांतील छापील ग्रंथांत शब्दांमध्यें अंतर असतें. पोथींत अक्षरें सलग असतात आणि संधीमुळें पदांच्या सीमा लोपतात. पदच्छेद हाच मुळीं एक अर्थनिर्णय होय. पुढें ‘धर्म’ व ‘धर्म्म’, ‘संग’ व ‘सङ्ग’ हीं रूपें यंत्रास भिन्न दिसतात. रेफानंतरचें द्वित्व पाणिनीस संमत आहे (अष्टाध्यायी ८.४.४६), म्हणून येथें पाठभेद मानणें व्यर्थ. परंतु हींच रूपें सरसकट एक करून मूळ पुसलें, तर लेखकाची संवय नष्ट होते. ब-व यांचा भेद न पाळणें हें कित्येकदां लेखकाच्या प्रांताचें अथवा मूळ प्रतीच्या लिपीचें गमक असतें. अर्थाच्या दृष्टीनें जो दोष, तो वंशावळीच्या दृष्टीनें पुरावा.

यावर उपाय आहे. कोलेटेक्समध्यें प्रत्येक शब्दास दोन रूपें देतां येतात: एक पोथींतील जसेंच्या तसें, दुसरें केवळ जुळणीपुरतें. जुळणी दुसऱ्यावर करावी, नोंद पहिल्याची ठेवावी.

मोडी कागदांस हा नियम विशेष लागू आहे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत. बाळबोध करतांना तो आपण घालतों. २०१४ पासून युनिकोडमध्यें मोडीस स्वतंत्र स्थान मिळालें असल्यामुळें मोडी अक्षरें मोडींतच नोंदून बाळबोध रूप शेजारीं ठेवणें शक्य झालें आहे.

सारांश, पाठ जुळविण्याचे श्रम यंत्रानें करावे. निवड संपादकानें करावी, आणि पत्रांकासह मूळ अक्षर कायम ठेवावें. ज्या संग्रहांत केवळ शुद्ध केलेला मजकूर उरेल, तेथील पोथी नष्ट झाल्यास तिची साक्षही तिच्याबरोबर जाईल.