‘डेव्हिड कॉपरफील्ड’चें मूळ

इंग्लंडांत एके काळीं कर्जदारास तुरुंगांत टाकीत. १८२४ सालीं आरमारी कचेरींतील कारकून जॉन डिकन्स असाच लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत पडला. पगार बरा, पण खर्चास धरबंध नाहीं! घरांतील चीजवस्त गहाण पडली. पुढें बायको व धाकटीं मुलेंही तुरुंगांतच राहावयास गेलीं. बारा वर्षांचा चार्ल्स मात्र बाहेर एकटा राहून, बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत बरण्यांवर कागद चिकटवी. आठवड्याचे सहा-सात शिलिंग मिळत; त्यांच्या दिवसवार पुड्या बांधून तो आपलें पोट चालवी.

बाप सुटला. पुढें त्यानें मुलालाही कामावरून काढलें. पण मुलानें परत जावें असा आईचा आग्रह! तें शल्य चार्ल्सच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. १८४९-५० मध्यें ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ कादंबरी निघाली, तींत हाच कारखाना दारूच्या वखारीच्या रूपानें आला. लेखकाची ही कहाणी जगाला कळली ती १८७० सालीं तो वारल्यावर, फॉर्स्टरकृत चरित्रांतून.

कादंबरींतील कर्जबाजारी मिकॉबर म्हणजे बहुतांशीं जॉन डिकन्सच. त्याचे दोष लेखकानें लपविले नाहींत. तरी वाचक त्याच्यावर रागावत नाहीं, लोभच करतो. मुलानें बापाला केलेली क्षमा ती हीच.