मतपेटीचे निःशस्त्र राखणदार : पूर्व तिमोर, १९९९

गोव्याच्या वाचकाला पूर्व तिमोर अगदीच परका नाही. १८४४ पर्यंत तिथला पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अखत्यारीत चाले. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये संपली. तिमोरात मात्र पोर्तुगीज निघाले आणि ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. ते पुढं २४ वर्षं राहिलं.

५ मे १९९९ रोजी न्यूयॉर्कला इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला. इंडोनेशियात राहून स्वायत्तता मान्य आहे का, असं तिमोरी जनतेला विचारायचं ठरलं. 'नाही' म्हणजे स्वातंत्र्याची वाट. पण मेख अशी की, मतदानाच्या काळातली सुरक्षा इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या 'युनामेट' मोहिमेत सुरुवातीला निरनिराळ्या देशांचे २८० पर्यंत पोलीस मंजूर झाले. कुणाकडंही शस्त्र नव्हतं. स्थानिक पोलिसांना सल्ला द्यायचा आणि मतपत्रिका-मतपेट्यांच्या ने-आणीवर देखरेख ठेवायची, एवढंच त्यांचं काम. म्हणजे पेटी राखायची, पण मतदाराला वाचवण्याचा अधिकार नाही! स्वातंत्र्यविरोधी सशस्त्र टोळ्या तर मोकाट होत्या. २९ जूनला मालियाना इथल्या युनामेटच्या कचेरीवरच हल्ला झाला. ८ ऑगस्टचं मतदान लांबत ३० ऑगस्टवर गेलं.

तरीही ९८ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं. पेट्या राजधानी दिलीत आणून मोजणी एकत्रच केली. कुठल्या गावानं काय कौल दिला हे कळू नये आणि कुणावर सूड उगवला जाऊ नये, हा हेतू.

४ सप्टेंबरला निकाल लागला : ७८.५ टक्के 'नाही'. मग जाळपोळ आणि कत्तली सुरू झाल्या. लोक जीव मुठीत धरून दिलीतल्या युनामेटच्या आवारात शिरले. त्यांना सोडून निघायला अनेक कर्मचाऱ्यांनी नकार दिला. अखेर निर्वासितांनाही विमानानं डार्विनला हलवलं. सशस्त्र आंतरराष्ट्रीय फौज आली ती २० सप्टेंबरला. देश स्वतंत्र झाला २० मे २००२ रोजी.

गोव्यातही १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला होता. प्रश्न वेगळा, महाराष्ट्रात विलीनीकरणाचा. पण हरलेल्या मगो पक्षानं निकाल मानला आणि त्याच वर्षी निवडणूक जिंकून सत्ताही मिळवली. तिमोरात राखणदारांनी पेटी शाबूत पोचवली. हरलेल्यांना निकाल मानायला लावणं मात्र त्यांच्या हातात नव्हतं.